साहेबांना काम कसं द्यावं

आमच्या साहेबांच्या कमरेला किल्ल्यांची जुडी असते. स्टोअरची, टूलच्या कपाटाची, रंगाच्या पावडरीच्या खोलीची, प्रथमोपचाराच्या पेटीची आणि चहा-साखर ठेवलेल्या कपाटाची. वर्कशॉपमध्ये कुणाचं बोट कापलं, तर एका हाताने रक्त दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने साहेबांना फोन लावायचा, कारण पट्टी कुलपात. नव्या हेल्परला मशीन दाखवायच्या आधी आम्ही जुडीचा आवाज ओळखायला शिकवतो.

किरकटवाडीच्या एका गल्लीत हे वर्कशॉप आहे. विजेच्या पॅनेलची लोखंडी कपाटं बनतात. पत्रा कापायचा, पंचिंग करायचं, बेंड मारायचा, वेल्डिंग, ग्राइंडिंग, मग पावडर कोटिंग होऊन माल गाडीत. साहेब इथले मॅनेजर. राहायला खडकवासल्यात, धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. कागदोपत्री त्यांच्या हाताखाली तीसेक माणसं आहेत. प्रत्यक्षात त्या तीसेक माणसांची कामं त्यांच्या हाताखाली आहेत आणि माणसं शेजारी उभी आहेत.

माणूस वाईट म्हणाल तर अजिबात नाही. आवाज चढवत नाहीत, रजा अडवत नाहीत, दिवाळीचा बोनस मालकाशी भांडून आणतात. खोड एकच. काम दुसऱ्याला दिलं की त्यांना चैन पडत नाही. लेक सासरी धाडलेल्या बापासारखे ते दिलेल्या कामाच्या मागोमाग जातात, दारातून डोकावतात, तब्येत विचारतात आणि दुपारच्या आत तिला माहेरी घेऊन येतात.

हिशेबाच्या टेबलावरून शॉपफ्लोअर सगळा दिसतो, म्हणून हे सोहळे मला बसल्या जागी पाहायला मिळतात. डिप्लोमा झालेला नवा मुलगा लागला की साहेब त्याला एका कपाटापाशी नेतात. खांद्यावर हात ठेवतात. ‘हे आता तुझं. ड्रॉइंग वाचण्यापासून गाडीत चढवण्यापर्यंत तूच. मी विचारणारसुद्धा नाही.’ मुलाचे डोळे चमकतात. तो ड्रॉइंग उलगडतो. साहेब म्हणतात, ‘असं नको धरूस, असं धर.’ मुलगा व्हर्नियर उचलतो. ‘आण इकडे, हा व्हर्नियर जरा नाजूक आहे.’ मग साहेब माप घेतात, मुलगा लिहितो. मग साहेब त्याचं अक्षर पाहतात आणि स्वतः लिहितात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत साहेब गुडघ्यावर बसून बिजागरी बसवत असतात आणि मुलगा त्यांच्या डोक्यावर टॉर्च धरून उभा असतो. सुट्टीची घंटा झाली की घाम पुसत साहेब माझ्याकडे येतात. ‘आजकालच्या पोरांना जबाबदारी घ्यायलाच नको असते हो!’

डिझाइनच्या मॅडम ग्राहकाला पत्र पाठवतात, तेही आधी साहेबांकडे जातं. साहेब सुरुवातीचा ‘कृपया’ खोडून शेवटी लिहितात. दुसऱ्या दिवशी मॅडम शेवटी लिहितात, साहेब तो उचलून सुरुवातीला नेतात. या एका ‘कृपया’ने आमच्या वर्कशॉपमधल्या कुठल्याही ट्रॉलीपेक्षा जास्त प्रवास केला असेल.

घरी जरा हात मोकळे सोडत असतील म्हणाल, तर वहिनींना विचारा. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम वहिनींकडे आहे, पण गॅस बंद करायचा निर्णय साहेबांचा. रविवारी मंडळी धरणाच्या चौपाटीवर जातात. तिथे कणीस भाजणाऱ्या मावशींनी आयुष्य निखाऱ्यांपुढे काढलंय. साहेब तिथेही वाकून सांगतात, ‘आता फिरवा. थोडं अजून. आता लिंबू.’ मावशींनी एकदा पंखाच त्यांच्या हातात दिला. साहेबांनी अर्धा तास वारा घातला, आजूबाजूच्या गिऱ्हाइकांचीसुद्धा कणसं भाजली आणि पैसे देऊन घरी आले. मावशींचा तेवढा चहा शांतपणे पिऊन झाला. त्यांनी कुठलं मॅनेजमेंटचं पुस्तक वाचलं असेल, असं वाटत नाही.

सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार अशी तीन पदं आहेत. साहेब चेअरमन आहेत आणि बाकीच्या दोघांच्या सह्यांचे नमुने त्यांना पाठ आहेत. २०२१ साली खडकवासला गाव पुणे महापालिकेत गेलं. साहेबांच्या हाताला न लागता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलेला गावातला तो एकमेव कारभार असावा. त्याचंही दुःख त्यांना अजून आहे.

पावसाळ्यात त्यांची जबाबदारी आणखी वाढते, कारण मग धरणही त्यांच्याकडे येतं. जुलैत पाऊस लागला की छत्री घेऊन साहेब रस्त्याच्या कडेला उभे. किती दरवाजे उचललेत, किती फुटांनी, पाण्याचा रंग कसा आहे, सगळं डोळ्यांत साठवतात. पाटबंधारे खात्याने विसर्गाचा आकडा जाहीर करायच्या आत डेक्कनच्या भावाला यांचा फोन जातो, ‘भिडे पुलावरून गाडी घेऊ नकोस.’ एवढं पाणी कोणीतरी आपल्याला न विचारता सोडतंय, हे त्यांना बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

याच धरणावरून आमच्या स्टोअरच्या मामांनी एकदा साहेबांना गाठलं होतं. मामा म्हणजे सेवानिवृत्तीला टेकलेला माणूस, तोंडात सुपारी आणि बोलण्यात आडवळण. मामा म्हणाले, ‘साहेब, आपल्या खडकवासल्यात पाणी मावतं किती?’ साहेबांना आकडे तोंडपाठ. ‘१.९७ टीएमसी.’ ‘आणि वरच्यांत?’ ‘पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१.’ ‘म्हणजे चौघांत धाकटं आपलंच. तरी पुण्याचं पिणं याच्यातून, दौंड-इंदापूरच्या शेतीचा कालवा याच्यातून, आणि नाव घ्यायचं झालं की खडकवासला साखळी.’ साहेबांची छाती फुगली. मामांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. ‘सगळं २९ टीएमसी मलाच द्या, मी सांभाळतो, असं हे धरण म्हणालं असतं, तर साहेब, डेक्कनच्या भावाला तुम्ही फोन कुठे लावला असता?’

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाले, ‘बरोबर आहे मामा. साठवण वाढवली पाहिजे.’

असा माणूस या गावात राहावा, हा नशिबाचा विनोद आहे. कारण काम सोपवावं कसं, याच्या शाळा खडकवासल्यात पावलोपावली आहेत. तलावापलीकडे १९५५ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथे कॅडेटांमधूनच स्क्वाड्रन कॅडेट कॅप्टन नेमतात. मिसरूड नुकतं फुटलेल्या पोरावर धाकट्या कॅडेटांचा अख्खा जथा सोपवतात, कारण पुढे त्याला माणसं सांभाळायची आहेत आणि ती सवय पुस्तकातून लागत नाही. इकडे आमच्याकडे चाळिशीच्या फिटरला ग्राइंडरचं चाक बदलायचं तर साहेबांना हाक मारावी लागते.

साहेब रोज ज्या रस्त्याने येतात, त्याच रस्त्यावर केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याने सिंचनासाठी एक छोटा कक्ष काढला, त्यातून वाढलेलं. तिथे शास्त्रज्ञ नद्या, धरणं, बंदरं लहान करून मांडतात. पाणी सोडतात, लाटा उठवतात, बांध वाहून गेला तर जाऊ देतात. चूक व्हायचीच असेल तर शेडमध्ये वीतभर व्हावी, समुद्रात मैलभर नको, असा सरळ हिशेब. आमच्याकडे एका मुलाने पंचिंगला एक पत्रा वाया घालवला. एक पत्रा! साहेबांनी त्याच दिवसापासून पंचिंगचा प्रोग्राम स्वतःकडे घेतला. तो मुलगा काही महिन्यांत चाकणला गेला. आता तिथे तो पंचिंगचा इनचार्ज आहे. आमच्याकडे पत्रा वाचला.

आणि सगळ्यांत मोठी शाळा समोर सिंहगडावर. एका हिवाळ्यात कंपनीची सहल गडावर काढायची ठरली. साहेबांनी उत्साहाने समित्या नेमल्या. वाहन समिती, भोजन समिती, खेळ समिती, कचरा समिती. प्रत्येकीला वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप. प्रत्येक ग्रुपमध्ये संदेश टाकायची मुभा फक्त ॲडमिनला, आणि ॲडमिन कोण ते सांगायला नको. कचरा समितीत तर साहेब एकटेच होते. बैठका वेळेवर होत.

गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन सगळे तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी जमलो. साहेबांना नेतृत्वावर बोलायची हुक्की आली. पुढाऱ्याने प्रत्येक गोष्टीत जातीने लक्ष कसं घालावं, यावर ते पाचेक मिनिटं बोलले. मामा टोपी काढून समाधीकडे बघत उभे होते. म्हणाले, ‘४ फेब्रुवारी १६७०. महाराज त्या रात्री राजगडावर होते, नाही का?’

‘हो.’

‘म्हणजे डोणागिरीच्या कड्याखाली उभं राहून दोर कुठे बांधलास, गाठ नीट मारलीस का, असं कोणी विचारत नव्हतं.’

साहेब काही बोलले नाहीत.

‘बखरीत आहे. गड घेतल्यावर पागेला आग लावली, तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. तेवढाच निरोप. आणि सुभेदार पडल्यावर सूर्याजी पुढे झाला. त्याला कोणी सांगायला गेलं नव्हतं, आता तू पुढे हो म्हणून.’

सगळ्यांना वाटलं, आज काहीतरी उमजणार. साहेब बराच वेळ राजगडाच्या दिशेने बघत राहिले. मग खिशातून डायरी काढून त्यांनी लिहिलं, ‘आग लावण्याआधी परवानगी – कार्यपद्धती ठरवणे.’

मालकाच्या कानावर हे सगळं जात होतंच. त्याने साहेबांना शहरातल्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. विषय, हाताखालच्यांवर काम कसं सोपवावं. साहेब जाड फाइल आणि नवा उत्साह घेऊन परतले. सोमवारी सगळ्यांना गोळा करून त्यांनी शिकलेलं सांगितलं, आणि सांगितलं ते अगदी बिनचूक. माणसाला काय हवं ते सांगा, कसं करायचं ते त्याच्यावर सोडा. मुदत आधीच ठरवा. मधेमधे ढवळू नका, ठरलेल्या टप्प्यावरच विचारा. कामासोबत ते करायचे अधिकारही द्या. आणि काम झालं की श्रेय चारचौघांत द्या. ऐकताना आम्ही एकमेकांकडे बघत होतो. वेल्डिंगवाल्यांनी तर चक्क टाळ्या वाजवल्या.

त्याच दुपारी भिंतीवर पांढरा फळा लागला. ‘सोपवलेली कामे.’ रकाने पाच. काम, कोणाला, कधीपर्यंत, सद्यःस्थिती आणि शेवटचा रुंद रकाना ‘साहेबांची मंजुरी’. फळ्यावर लिहायचं मार्कर हरवू नये म्हणून साहेबांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. ड्रॉवरला कुलूप लावलं. जुडीत एक किल्ली वाढली.

आता कोणी म्हणेल, या माणसाने सगळ्यांचा जीव नकोसा केला असेल. तिथेच तर गंमत आहे. आमचं वर्कशॉप हे पुणे जिल्ह्यातलं बहुधा सर्वांत निवांत वर्कशॉप असेल. कारण साहेबांना काम सोपवता येत नाही, पण साहेबांवर काम सोपवण्यात आमची माणसं तयार झाली आहेत. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मामांची तऱ्हा अज्ञानाची. ई-वे बिलाची साइट उघडली की मामा चष्मा पुसतात, हताश चेहऱ्याने साहेबांकडे बघतात. साहेब म्हणतात, ‘उठा, मी बघतो.’ आणि बिल काढून देतात. मामांच्या जावयाचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथली सगळी ई-वे बिलं रात्री मामाच काढतात, ही गोष्ट साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

डिझाइनच्या मॅडमची तऱ्हा नैवेद्याची. प्रत्येक ड्रॉइंगमध्ये त्या एक ठळक चूक मुद्दाम ठेवतात. दरवाजाचं हँडल बिजागरीच्या बाजूला, असं काहीतरी. साहेबांना ती चूक सापडते, ते तृप्त होतात, लाल पेनाने वर्तुळ काढतात आणि उरलेल्या ड्रॉइंगला हात लावत नाहीत. पूर्वी मॅडम चूक ठेवत नसत, तेव्हा साहेब सगळं ड्रॉइंग बदलायचे.

बापू फिटर मात्र या विद्येतले गुरू. त्यांची तऱ्हा नंतर सांगतो. आधी लग्नाचं सांगायला हवं.

वहिनींच्या भाचीचं लग्न निघालं. गाव पानशेतच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत, जिथे फोनला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. साहेब जड पावलांनी रजेवर गेले. जुडी अर्थातच कमरेला. लगेच दुसऱ्या दिवशी एका ग्राहकाचा निरोप आला. आठवड्याअखेर लागणारी कपाटं त्याला परवाच हवी होती. आम्ही साहेबांना फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. मालकाचा चेहरा पडला. रंगाची पावडर कुलपात, टूल कुलपात, फळ्याचं मार्करसुद्धा कुलपात.

बापू शांतपणे वेल्डिंग मशीनच्या मागे गेले आणि रंगाचा एक जुना डबा घेऊन आले. डब्यात किल्ल्या होत्या. सगळ्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा ठिपका. ‘साहेब तेल घालायला द्यायचे ना किल्ल्या, तवाच घासून ठेवल्या,’ ते म्हणाले. ‘आपत्कालीन म्हणून.’ मालकाने काहीच पाहिलं नाही, अशा बेताने छताकडे पाहिलं.

माल वेळेआधी गेला. मामांनी ई-वे बिल चष्मा न पुसता काढलं. मॅडमनी बिनचुकीचं ड्रॉइंग दिलं. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा बापूंनी वेल्डरला थांबवलं. ‘ते एक जास्तीचं कपाट आहे ना, पुढच्या ऑर्डरचं, ते अर्धंच ठेव. साहेब आल्यावर त्यांना काहीतरी लागंल.’

साहेब लग्नाहून परतले ते थेट वर्कशॉपमध्ये. लग्नात वाढपही त्यांनीच केलं होतं, हे शर्टावरच्या मठ्ठ्यावरून कळत होतं. ‘माझ्यावाचून काय काय अडलं?’ त्यांनी दारातूनच विचारलं. बापू हात जोडून पुढे झाले. ‘बाकी निभावलं कसंबसं साहेब. हे एक कपाट मात्र अडलंय.’ साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते भाचीच्या पाठवणीतसुद्धा दिसलं नसेल. बाह्या सरसावून ते गुडघ्यावर बसले. माल कसा गेला, कुलपं कोणी उघडली, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

त्या वेळी बापूंनी मला एक गोष्ट सांगितली, ती शिबिरातल्या फाइलीत नव्हती. साहेब याच शॉपफ्लोअरवर फिटर म्हणून लागले होते, आयटीआय करून. असा हात पुन्हा झाला नाही, म्हणे. फटीत ब्लेड जायचं नाही, असं दार बसवायचे. मालकाच्या वडिलांनी त्या हातावर खूश होऊन त्यांना सुपरवायझर केलं, मग मॅनेजर केलं. ‘हात चांगला होता म्हणून खुर्ची दिली,’ बापू म्हणाले, ‘आणि खुर्ची दिल्यावर सांगितलं, आता हात लावू नका. माणसानं करावं काय?’ एक पहिल्या नंबरचा फिटर गेला आणि बदल्यात मॅनेजर मिळालाच नाही, असा हा व्यवहार. त्यातला तोटा साहेब एकटे भरून काढतात, रात्री नऊ-नऊपर्यंत बसून, रक्तदाबाची गोळी पाण्याशिवाय गिळून.

परवा नवा डिप्लोमावाला मुलगा लागला. पहिल्याच दिवशी टॉर्च धरून त्याचा हात अवघडला. संध्याकाळी तो चहाच्या कट्ट्यावर बापूंपाशी रडकुंडीला येऊन बसला. बापूंनी त्याला आपली विद्या दिली, तेव्हा मी शेजारीच होतो.

‘हे बघ बाळा. साहेबांना काय पायजे ते सांगायचं, कसं करायचं ते सांगायला जायचं नाही, त्यांना राग येतो. दिवस आधीच ठरवून घ्यायचा. एकदा काम दिलं की मधेमधे डोकवायचं नाही. अधिकार द्यायचं म्हणशील तर किल्ल्या त्यांच्याकडं आहेतच. आणि झालं की चार माणसांत म्हणायचं, साहेबांचा हात लागला म्हणून झालं. बास. आमची सगळी नोकरी त्यावर निघाली.’

बापू कुठल्या शिबिराला गेल्याचं मला माहीत नाही. पण फाइलीतले पाचही मुद्दे आले होते, आणि त्याच क्रमाने.

मुलगा हुशार निघाला. दुसऱ्या दिवशी एक अडलेलं कपाट घेऊन तो साहेबांकडे गेला. ‘सर, दार घासतंय. शुक्रवारपर्यंत हवंय.’ एवढंच बोलून तो बाहेर आला आणि आठवडाभर त्या बाजूला फिरकला नाही. त्या वेळात तो बापूंकडून वेल्डिंग शिकला आणि मामांकडून ई-वे बिल.

शुक्रवारी साहेबांनी ते कपाट स्वतः ढकलत त्याच्यापुढे आणून उभं केलं. दार एका बोटाने उघडत होतं. सगळे जमले. मुलाने दार उघडलं, लावलं, वाकून फटीतून पाहिलं.

‘एक नंबर झालंय सर. साहेबांचा हात तो साहेबांचा हात,’ तो मोठ्याने म्हणाला. मग जरा थांबून त्याने खालच्या बिजागरीकडे बोट केलं. ‘फक्त एवढं जरा टाइट करून सोमवारी परत दाखवा.’